राजीखुशीने राजीनामा

आयुष्यात मी एकच परीक्षा पहिल्या वर्गात पास झालो आणि तिचे पेढे कोणाला वाटले नाहीत. घरी येणारे विचारतात, तो पदविकेचा कागद भिंतीवर काहून नाही लावला? मी म्हणतो, खिळा नाही. दुसरं काय सांगणार?

परीक्षा होती पर्सोनेल मॅनेजमेंटची. आता त्याला मानव संसाधन व्यवस्थापन म्हणतात. तेव्हा माणूस संसाधन झाला नव्हता, नुसता नोकर होता. साठ सालानंतरची गोष्ट. नागपूरच्या एका संस्थेनं सरकारी नोकरांसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला. बी.ए. झालेला पाहिजे, नोकरीत असलेला पाहिजे, अन् नोकरी सांभाळून शिकायचं. वर्ग यवतमाळला एका शाळेत भरत, शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी. मी तेव्हा दिग्रसला एका सरकारी ऑफिसात आस्थापना लिपिक होतो. कोणतं खातं ते विचारू नका. आस्थापना म्हणजे माणसांचं टेबल. कोण कधी रुजू झाला, कोणाची रजा किती उरली, कोण कायम, कोण हंगामी, कोणाची बदली झरी जामणीला झाली अन् ती रद्द करायला तो कोणाच्या पाया पडून राह्यला, सगळं माझ्या कपाटात. ऑफिसातल्या एकेकाची जन्मतारीख मला पाठ होती. कामाशिवाय माझ्या टेबलाशी येऊन बसणारा मात्र त्यांतला एकही नव्हता.

मी मुकुटबनकडचा. छप्पन साली नागपूरला लाखोंनी धर्म बदलला, त्यानंतर वर्षभरात आमच्या घरानंही बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. तेव्हा मी शिकत होतो. वस्तीतला मी पहिला बी.ए. नोकरी लागल्यावर पुन्हा पुस्तकं घेतली तेव्हा आई म्हणाली, "पोट भरलं तरी हे लेकरू पंगतीतून उठून नाही राह्यलं." तिचं बरोबर होतं. मला कारकुनाच्या खुर्चीतून उठायचं होतं अन् साहेबाच्या खुर्चीत बसायचं होतं. ह्यापेक्षा उदात्त कारण माझ्याजवळ नव्हतं, आणि असल्याचं सांगितलं तर ते खोटं होईल.

दिग्रसला आलो तेव्हा खोलीसाठी चार घरं पाहिली. तीन घरी आडनावापर्यंत बोलणं झकास चाललं होतं. चौथ्या घरी मीच आडनाव आधी सांगून टाकलं, म्हटलं दोघांचाही वेळ वाचेल. हे ऑफिसच्या जीपच्या ड्रायव्हरला कळलं. तो मुसलमान, पन्नाशीकडे आलेला, अठरा वर्षं नोकरी झालेली. ऑफिस त्याला ड्रायव्हर म्हणे, मी चाचा म्हणू लागलो. त्यानं मला त्याच्या गल्लीत नेलं, त्याच्या मेव्हण्याच्या घरामागची खोली उघडून दिली आणि म्हणाला, "बाबू, इथं कोनी काही नाही इचारत. फक्त नळाले लाइन लावा लागते."

त्या गल्लीत मी राहिलो. सकाळी चाचा चहाला आवाज देत. चाची अधूनमधून भाजी पाठवायची. आठवड्याभरात माझ्याशी कामाशिवाय बोलणारा माणूस तो एकच, हे मी मोजून सांगतो. शनिवारी साडेअकराच्या एसटीनं यवतमाळला जायचं, एका ओळखीच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात पथारी टाकायची, रविवारी वर्ग करून परत यायचं. वर्गात आम्ही सोळा जण होतो. रविवारी मधल्या सुट्टीत बाकीचे वर्तमानपत्र पसरून डबे उघडत. ये म्हणत नसत, जा म्हणत नसत. कागद तेवढा त्यांच्या पुरता पसरलेला असे. डबे पुसून झाल्यावर एखादा विचारी, "जेवलात का हो?" मी म्हणे, हो. मग बसस्टँडवर जाऊन भजी खायचो. प्राध्यापक नागपूरहून येत आणि इंग्रजीतून सांगत की नोकराला आपण ह्या संस्थेचे आहोत असं वाटलं पाहिजे. मी ते वहीत उतरवून घेई. मला फार एकटं वाटे. ह्याला मोठा शब्द शोधत बसत नाही, एकटं वाटे.

हे सगळं साहेबाच्या मर्जीवर चाललं होतं. दर शनिवारी अकरा वाजता उठायला परवानगी लागे. साहेब पुण्याकडचे, कामाला चोख, भाषेला त्याहून चोख. मी चुकून "करून राह्यलो" म्हटलं की ते पेन खाली ठेवून म्हणायचे, "करतो आहे, म्हणा." मी म्हणायचो, करतो आहे साहेब. त्याच सुमाराला कारभार मराठीत करायचा असं वरून आलं होतं, आणि त्यांना वाटे की आम्हां वऱ्हाडी लोकांना मराठी शिकवायची जबाबदारीही त्यांच्यावरच आली आहे.

दुसऱ्या वर्षी परीक्षेआधी दोन महिने हे घडलं. साहेबांना कुटुंबाला घेऊन पुसदला एका साखरपुड्याला जायचं होतं. पाहुणे अंगणात उभे. चाचा जीपखालून निघाले, हात पुसले आणि म्हणाले, "साहेब, आज गाडी नाही निघत. ब्रेकचं तेल गळून राह्यलं. वाटेत उतार हाये." साहेब म्हणाले, काल तर चालली. चाचा म्हणाले, काल लेकरं नव्हती गाडीत. साहेबांना पाहुण्यांसमोर नाही म्हणणारा माणूस ठाऊक नव्हता. ते नको ते बोलले. चाचाही चिडले, किल्ली बॉनेटवर ठेवून म्हणाले, "मंग तुम्हीच चालवा." साहेब एसटीनं गेले, अन् परत आल्यावर पहिलं काम केलं ते चाचांना हुकूम मोडल्याबद्दल खुलासा मागितला. तो कागद माझ्याच हातचा, माझ्याच टेबलावरून गेला.

चाचा घाबरले. अठरा वर्षांत कोणी कागदावर काही विचारलं नव्हतं. ऑफिसातले जुने लोक म्हणाले, जाऊ दे न बाप्पा, माफी माग, मिटवून टाक. शनिवारी सकाळी चाचा माझ्या खोलीवर आले. हातात एक कागद. शाळा उर्दू चौथीपर्यंतची, पण बाळबोध अक्षर ते दुकानांच्या पाट्या अन् मैलाचे दगड वाचून शिकले होते आणि मोठं मोठं लिहायचे. म्हणाले, "बाबू, जरा पाहून द्या बरं, बराबर हाये का." मी पिशवी भरत होतो. लवकर ऑफिस गाठून हातातलं काम उरकायचं, मग बस. रविवारी वर्गात मला निबंध वाचायचा होता. मी म्हटलं, चाचा, सोमवारी पाहू. ते म्हणाले, "आजच देतो साहेबाले. दोन दिस ठेवलं का गोष्ट उगीच वाढते." अन् गेले.

सोमवारी तो कागद माझ्या टेबलावर आला. त्यावर चाचांनी लिहिलं होतं: 'साहेबांच्या आणि माझ्या मधात जे झालं ते झालं. आता माझ्या दिलात काही नाही. मी राजीखुशीने राजीनामा देतो. मंजूर व्हावा.' खाली सही. कोपऱ्यात साहेबांचं बारीक अक्षर: 'मंजूर. आदेश सादर करावा.'

पुढच्या पिढीला हे सांगावं लागेल. त्या गल्लीत राजीनामा म्हणजे समेटाचा कागद. दोघं भांडले, चार लोकांनी बसवलं, दोन्ही बाजू राजी झाल्या, लिहून घेतलं, तो राजीनामा. नोकरी सोडायची तर तिथं इस्तीफा म्हणत. साहेबांच्या मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद, दुसरं काही नाही. चाचांनी हात पुढे केला होता आणि साहेबांना वाटलं की माणूस निघाला.

साहेबांना खरंच तसं वाटलं का, ते मला माहीत नाही. मला काय वाटलं ते सांगतो. मला पहिल्या ओळीलाच कळलं. तीन महिन्यांपूर्वी दोन भावांच्या विहिरीच्या भांडणाचा राजीनामा माझ्या खोलीसमोर सतरंजी टाकून झाला होता, आणि त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही होती. मला कळलं नाही असं म्हणायला मला जागाच नव्हती.

आणि राजीनामा दिलेल्या माणसाची मागची नोकरी पाण्यात जाते, पेन्शन मिळत नाही, हा नियमही मला क्रमांकासकट पाठ होता.

कारकुनाला अशा वेळी शंभर वाटा असतात. फाईल चार दिवस दाबून ठेवता येते. जावक क्रमांक विसरता येतो. सरळ वाट म्हणजे टिपणीत एक ओळ लिहायची: 'अर्जदाराचा हेतू स्पष्ट करून घ्यावा.' सहा शब्दही नाहीत. तेवढी ओळ कागदावर चढली की साहेबाला चाचांना आत बोलावावं लागलं असतं, आणि दोन मिनिटांत सगळं उलगडलं असतं. मी कोऱ्या कागदावर ती ओळ लिहिली सुद्धा. मग तो कागद घडी घालून खिशात ठेवला, कारण माझा परीक्षेचा फॉर्म साहेबांच्या टेबलावर पंधरा दिवसांपासून पडला होता. त्यावर त्यांची सही पाहिजे होती, की हा माणूस आमच्या परवानगीनं शिकतो आणि परीक्षेसाठी त्याला दहा दिवस रजा देऊ. गुरुवारपर्यंत फॉर्म यवतमाळला पोचला नाही तर दोन वर्षं गेली.

मी आत गेलो. साहेब खुशीत होते. म्हणाले, "सुंठीवाचून खोकला गेला." मी म्हटलं, "साहेब, तो ड्रायव्हरचा राजीनामा, त्याबद्दल जरा..." ते म्हणाले, "काय त्याबद्दल? शब्द मराठी आहे ना?" मी म्हटलं, हो साहेब. "तुम्हाला मराठी येतं ना?" मी म्हटलं, येतं. मग मी पुढचं बोललो ते हे: "माझा फॉर्म राहिला आहे साहेब." ताकाला जाऊन भांडं लपवतात म्हणतात, मी तर भांडंच पुढे केलं. साहेब म्हणाले, "अरे हो, द्या की. आणि तो आदेश आजच करून आणा."

त्यांनी मला धमकी दिली नाही. हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे, कारण दिली असती तर मला बरं वाटलं असतं. सही अडवीन असं ते एका शब्दानं म्हणाले नाहीत. मीच समजून घेतलं. भीती वाटली, लाज वाटली, आणि भीती जास्त होती. टेबलावर आलो, टिपणी लिहिली: 'अर्ज पाहावा. आदेशार्थ सादर.' आदेश केला. साहेबांनी आधी आदेशावर सही केली, मग फॉर्मवर.

मंगळवारी संध्याकाळी चाचा आदेश घेऊन खोलीवर आले. हसत होते. म्हणाले, "मंजूर झाला म्हनते साहेब. वाचा बरं काय लिवलं." मी वाचलं. कार्यमुक्त ह्या शब्दाशी त्यांनी मला थांबवलं. "म्हंजे?" मी सांगितलं. ते उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "मी तं राजीनामा देल्ला होता. इस्तीफा थोडीच देल्ला." त्यांनी विचारलं, "तुमच्या टेबलावरून गेला असन न कागद?" मी म्हटलं, हो. "तुम्हाले नाही समजलं?"

मी म्हटलं, "नाही चाचा. मले वाटलं तुम्ही सोडूनच राह्यले."

ते म्हणाले, "तुमची काय गलती बाबू. माह्याच लिवण्यात फरक पडला." आणि मलाच पाणी प्यायला लावलं, कारण माझा चेहरा पाहून त्यांना मी आजारी वाटलो.

दुसऱ्या दिवशी चाचा साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, तूच लिहून दिलंस, तुझ्याच हातचं आहे. मग वर अपील करायचं ठरलं, आणि ते लिहिलं कोणी, तर मी. काय भाषा होती त्याची. अभ्यासात शिकलेलं सगळं त्यात घातलं. राजीनाम्यात हेतू स्पष्ट पाहिजे, स्थानिक अर्थ लक्षात घेतला पाहिजे, अठरा वर्षांची निष्कलंक सेवा. चाचांनी माझं अक्षर पाहून म्हटलं, "ह्याले म्हनते शिक्षण." मी ते अपील चाचांच्या सहीनं रजिस्टर पोस्टानं पाठवलं. मला वाटलं, ते मंजूर झालं तर मी केलेलं पुसलं जाईल, कोणाला काही कळायचं नाही, आणि परीक्षाही होऊन जाईल. एका दगडात दोन पक्षी मारायची माझी हौस तेवढ्यातही गेली नव्हती.

अपील वर जाऊन बसलं. चाचांनी एका जिनिंगच्या व्यापाऱ्याचा कापसाचा ट्रक धरला. त्या वयात गाठी चढताना खाली उभं राहून मोजायच्या, मग आर्वी-धामणगावाकडे हाकायचं. कमर धरून घरी येत. तरी सकाळी आवाज देत, "बाबू, चाय." मी म्हणे, अभ्यास आहे. खरं म्हणजे मला त्यांच्या समोर कप धरवत नव्हता. चाचीची भाजी आली की मी ती खायचो, आणि भांडं घासून दुपारी कोणी नसताना त्यांच्या ओट्यावर ठेवून यायचो. अशा रीतीनं मी माझ्याशी बोलणारा एक माणूसही बंद केला. त्यानंतर दिवसच्या दिवस माझ्या तोंडून 'होय साहेब' सोडून शब्द निघत नसे. खोलीत पुस्तक मोठ्यानं वाचायचो, नुसता आवाज ऐकायला.

परीक्षा झाली. एका प्रश्नात कर्मचाऱ्यांच्या गाऱ्हाण्यांवर लिहायचं होतं. मी नऊ पानं लिहिली. जूनमध्ये निकाल आला, पहिला वर्ग. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं अभिनंदन केलं आणि म्हणाले की हा माणूस खुर्चीत बसून माणसं वाचायला शिकला आहे. टाळ्या वाजल्या. मी त्यांचे आभार मानले, तेही शुद्ध मराठीत.

अपिलाचं उत्तर त्यानंतर महिन्याभरानं आलं, चाचांच्या पत्त्यावर. रविवार होता. आता वर्ग संपले होते, त्यामुळे मी खोलीवरच होतो. चाचा ट्रकवरून आले होते, कपड्यांवर सरकी अन् कापूस. लिफाफा त्यांनी फोडलाही नव्हता. म्हणाले, "तुम्हीच वाचा. सरकारी मराठी मले नाही उमजत."

मी फोडला. आधी मनात वाचला. अपील फेटाळलं होतं. पण कारण दिलं होतं. मला सहज गाळता आलं असतं. 'फेटाळलं चाचा' एवढं म्हटलं असतं, तरी त्यांनी पुढं काही विचारलं नसतं. ते माझ्याकडे पाहत होते, आणि मला एकदम वाटलं की आता हेही गाळलं तर ह्या माणसासमोर मी पुन्हा कधी बसू शकणार नाही. खोटं बोलून एकटा राहण्यापेक्षा खरं बोलून एकटा राहू, असं काहीसं. मी मोठ्यानं वाचलं: "अर्जदाराने राजीनामा स्वहस्ते व राजीखुशीने दिला असून, त्याच्या हेतूविषयी संबंधित आस्थापना लिपिकाने टिपणीत कोणतीही शंका नोंदविलेली नाही. सबब अपील फेटाळण्यात येत आहे."

चाचा म्हणाले, "आस्थापना लिपिक म्हंजे कोन?"

"मी."

"शंका म्हंजे, तुम्ही लिवलं असतं तं..."

"तं झालं असतं चाचा. एक ओळ लिहायची होती. मले मालूम होतं तुम्ही काय लिवलं ते. पहिल्याच दिवशी मालूम होतं. माह्या फॉर्मवर सही पाहिजे होती."

मला वाटलं ते ओरडतील. मी त्यासाठी तयार बसलो होतो, मला ते हवंच होतं. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, उलटा सुलटा पाहिला, जसा काही त्यावर अजून काही लिहिलेलं असेल. मग घडी घालून खिशात ठेवला. उठले. दाराशी थांबून माझ्याकडे न पाहता म्हणाले,

"मलेच इचारलं असतं. मी तं त्या सोमवारी दिवसभर ऑफिसाच्या भाइर बाकावरच बसून होतो बाबू. एक आवाज द्या लागत होता."